वीतभर मदरबोर्डचा कॉम्प्युटर: पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

पहिला लहान कॉम्प्युटर जोडायला घेतला तेव्हा मी आधी प्रोसेसर आणला, मग त्याला थंड ठेवणारा साजेसा कूलर आणि सगळ्यात शेवटी, नजरेत भरलं म्हणून, कॅबिनेट. जोडणी झकास झाली. फक्त झाकण बसेना. कूलर नऊ मिलिमीटर उंच निघाला होता. पुढचा महिनाभर ते झाकण कॉम्प्युटरशेजारी भिंतीला टेकून उभं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारत होता.

मोठ्या कॅबिनेटमध्ये असली चूक खपून जाते, लहानात नाही. इथे प्रत्येक भागाची जागा शेजारच्या भागाने अडवलेली असते. त्यामुळे काय घ्यायचं याच्या आधी कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने बसवायचं, हे ठरवावं लागतं. या लेखाचा निम्मा भाग स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वीचा आहे, तो त्यामुळेच.

मिनी-आयटीएक्स म्हणजे नेमकं काय

१७० × १७० मिमीचा चौकोनी मदरबोर्ड. तैवानच्या व्हीआयए कंपनीने हे माप २००१ मध्ये आणलं. तेव्हा डोळ्यांसमोर होते ते कमी विजेवर, शक्य तर पंख्याशिवाय चालणारे छोटे कॉम्प्युटर. आज त्याच मापाच्या बोर्डवर मोठ्या डेस्कटॉपमधला प्रोसेसर आणि पूर्ण आकाराचं ग्राफिक्स कार्ड बसतं. तुलनेला नेहमीचा एटीएक्स बोर्ड घ्या: ३०५ × २४४ मिमी. हे माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं. मिनी-आयटीएक्सची स्क्रूची चार भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतात, म्हणून हा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही बसवता येतो. उद्या लहान कॅबिनेटचा कंटाळा आला तर बोर्ड वाया जात नाही.

जागेची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट एकच असतो. तो ग्राफिक्स कार्डने घेतला की दुसरं कोणतंही कार्ड लावायचा विषय संपला. रॅमच्या खाचा साधारणपणे दोन. त्यामुळे ‘आत्ता दोन पट्ट्या, नंतर आणखी दोन’ हा मोठ्या बोर्डवरचा नेहमीचा बेत इथे चालत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत जेवढी रॅम लागेल असं वाटतं, तेवढी पहिल्याच दिवशी दोन पट्ट्यांत घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको असेल, आणि भाग बदलत बसण्याची हौसही नसेल, तर तयार मिनी पीसी घ्या. तो याहून लहान असतो आणि कमी डोकेदुखी देतो. स्वतः जोडण्यात खरा फायदा आहे तो ज्यांना ताकद हवी, आवाज कमी हवा आणि दोन वर्षांनी एखादा भाग काढून दुसरा बसवण्याची मोकळीक हवी, त्यांना.

आधी कॅबिनेट, मग बाकी सगळं

लहान कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ३४ × २२ × १६ सेंमीचं कॅबिनेट म्हणजे साधारण १२ लिटर. पहिल्यांदाच जोडत असाल तर १२ ते १८ लिटरच्या मधलं घ्या, हे माझं ठाम मत. दहा लिटरच्या खालची कॅबिनेट दिसायला मोहक असतात, पण त्यांत बोटं शिरत नाहीत. ती दुसऱ्या खेपेसाठी राहू द्या.

आतल्या मांडणीचे मुख्य प्रकार दोन. पहिला साधा: ग्राफिक्स कार्ड थेट बोर्डच्या स्लॉटमध्ये बसतं, मोठ्या कॉम्प्युटरसारखंच, फक्त आटोपशीर. दुसरा सँडविच: मधे एक धातूचा पत्रा, त्याच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि दुसऱ्या अंगाला पाठीला पाठ लावल्यासारखं ग्राफिक्स कार्ड. दोघांना जोडणारी चपटी केबल म्हणजे रायझर. सँडविचमध्ये जागा फार छान वापरली जाते आणि कार्डला जाळीतून थेट बाहेरची हवा मिळते. मात्र कूलरला उंची कमी मिळते. शिवाय रायझर हा बिघडू शकणारा एक जादा भाग असतो. त्याच्याबद्दल पुढे येतंच आहे. याखेरीज ग्राफिक्स कार्ड नसलेली अगदी छोटी कॅबिनेटही मिळतात. त्यांना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर लागतो.

कॅबिनेट ठरलं की त्याच्या माहितीपत्रकातून चार आकडे एका कागदावर उतरवा: कूलरची जास्तीत जास्त उंची, ग्राफिक्स कार्डची जास्तीत जास्त लांबी, त्याची जाडी आणि पॉवर सप्लायचा प्रकार. हा कागद खिशात ठेवूनच पुढची खरेदी करायची.

या आकड्यांखाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायला विसरू नका. ‘कार्ड ३२० मिमीपर्यंत’ असं ठळक छापलेलं असतं आणि खाली तारांकन करून लिहिलेलं असतं की पुढचा पंखा लावला नाही तर. काही सँडविच कॅबिनेटमध्ये मधला पत्रा सरकवता येतो. पत्रा कार्डाकडे सरकवला की कूलरला उंची मिळते, पण कार्डची जाडी तेवढी कमी होते. म्हणजे माहितीपत्रकातले दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. माझ्या नऊ मिलिमीटरचा उगम असल्याच एका तारांकनात होता.

कार्डची जाडी ‘दोन स्लॉट’, ‘अडीच स्लॉट’ अशी सांगतात. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, तेव्हा दोन स्लॉटचं कार्ड सुमारे ४० मिमी आणि अडीचचं ५० मिमीच्या आसपास. कार्डच्या कडेला लागणारी विजेची केबल मात्र कोणी मोजत नाही. ती वळायला तीन-साडेतीन सेंटीमीटर मोकळी जागा लागते. केबल जोडणीपाशीच काटकोनात दाबून झाकण लावलं, तर संपर्क सैल होतो, तापतो आणि मग नुकसान मोठं होतं.

पॉवर सप्लाय

बरेच जण याला अजून एसएमपीएस म्हणतात. मोठ्या कॉम्प्युटरमधला एटीएक्स सप्लाय १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो. लहान कॅबिनेटसाठी एसएफएक्स हा प्रकार: १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच, १०० मिमी खोल. त्याचाच भाऊ एसएफएक्स-एल ३० मिमीने जास्त खोल, म्हणून त्यात मोठा आणि शांत पंखा मावतो. पण ते ३० मिमी बहुतेक वेळा केबल गुंडाळून ठेवायच्या जागेतूनच जातात. कॅबिनेट दोन्ही चालतील म्हणत असेल तरी मी साधा एसएफएक्सच घेतो.

किती वॉटचा? बेरीज करा. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट कार्डला ७५ वॉटपर्यंत देतो, सहा पिनांची जोडणी आणखी ७५, आठ पिनांची १५०. तुमचं कार्ड प्रत्यक्षात किती घेतं ते त्याच्या माहितीत असतं. समजा २००. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलंय म्हणून ६५ धरू नका. एएमडीच्या ६५ वॉट वर्गातल्या प्रोसेसरना एएम४ आणि एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) ८८ वॉटपर्यंत घ्यायची मुभा असते. इंटेलचा कोअर आय७-१३७०० कागदावर ६५ वॉटचा आहे आणि जोर लावल्यावर २१९ वॉटपर्यंत जाऊ शकतो. हा दुसरा आकडा इंटेल वेगळा छापते, तो शोधून वाचा. साधं उदाहरण: कार्ड २००, प्रोसेसर ९०, बाकी बोर्ड, रॅम, ड्राइव्ह, पंखे मिळून ५०. बेरीज ३४०. यावर ५०० ते ५५० वॉटचा चांगला सप्लाय पुरून उरतो.

सप्लाय मॉड्युलर, म्हणजे हव्या तेवढ्याच केबल लावता येणारा, घ्या. न लागणाऱ्या चार केबल कोंबायला इथे कोपराच नसतो.

आता या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: एका सप्लायच्या केबल दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नका. केबलचं मदरबोर्डकडचं टोक प्रमाणित असतं, पण सप्लायकडच्या टोकाला पिना कोणत्या क्रमाने असाव्यात याचं कोणतंही प्रमाण नाही. प्लग दिसायला सारखा असतो, खटकन बसतोही, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह किंवा अख्खा बोर्ड जळतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही क्रम वेगळा असू शकतो.

प्रोसेसर, बोर्ड, कूलर, रॅम

प्रोसेसर निवडताना उष्णतेकडे पाहा. लहान पेटीत ६५ वॉटचा वर्ग सगळ्यात सुखाचा. ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे ना, याची खात्री करा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ते नसतं. एएमडीच्या नव्या प्रोसेसरमध्येही ‘एफ’चा अर्थ तोच. माझं म्हणणं असं, की कार्ड घेणार असाल तरीही ग्राफिक्सवाला प्रोसेसर घ्या. काहीतरी अडलं की दोष कार्डचा की बोर्डचा, हे पाच मिनिटांत कळतं.

सॉकेट जुळायला हवं, आणि रॅमची पिढीसुद्धा. एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं, ते फक्त डीडीआर५ रॅम घेतं. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. दोन्ही एकाच बोर्डवर चालतील असं समजू नका. खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नाही म्हटल्यावर जोर मात्र लावू नका.

बोर्ड घेताना त्याची पाठ पाहून घ्या. बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डना एम.२ ड्राइव्हची (पट्टीसारख्या चपट्या एसएसडीची) एक खाच पुढे आणि एक मागे असते. मागची खाच बोर्ड कॅबिनेटमध्ये बसल्यावर हाती लागत नाही. काही कॅबिनेटमध्ये त्या जागी खिडकी कापलेली असते, बऱ्याच ठिकाणी नसते. वायफाय बोर्डवरच असलेलं घ्या, कारण नंतर कार्ड लावायला स्लॉट उरणार नाही.

कूलरचे ठोकताळे असे: नॉक्टुआचा एनएच-एल९ हा ३७ मिमी उंचीचा, अगदी चपट्या कॅबिनेटसाठी. एनएच-एल१२एस ७० मिमीचा. एएमडीच्या काही प्रोसेसरबरोबर येणारा रेथ स्टेल्थ ५४ मिमीचा. ३७ मिमीच्या कूलरकडून ६५ वॉटच्या पलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. ५५ ते ७० मिमी मिळत असेल तर आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चपटे कूलर आडवे पसरतात आणि रॅमवर येतात, म्हणून रॅम कमी उंचीची, सुमारे ३२ मिमीची, घ्या. वर शोभेचे कंगोरे आणि दिवे असलेल्या पट्ट्या इथे कामाच्या नाहीत.

जोडणी: आधी कॅबिनेटच्या बाहेर

हत्यारं फार लागत नाहीत. टोकाला चुंबक असलेला मध्यम फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एम.२ च्या बारीक स्क्रूसाठी एक छोटा, केबल बांधायच्या पट्ट्या आणि एक वाटी. वाटी स्क्रूंसाठी. कॅबिनेटचे, बोर्डचे आणि कूलरचे स्क्रू एकमेकांत मिसळले की अर्धा तास गेलाच.

गालिचावर बसून काम करू नका. लाकडी टेबल बरं. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जातो. मग बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा.

सुरुवात प्रोसेसरपासून. त्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तसाच. दोन्ही जुळवून प्रोसेसर अलगद ठेवा, दाबू नका. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात आणि त्या केसासारख्या नाजूक असतात. एक वाकली तर बोर्ड गेला म्हणून समजा. पकडीचा दांडा खाली घेताना बराच जोर लागतो आणि करकर आवाजही येतो. पहिल्यांदा छातीत धस्स होतं, पण ते तसंच असतं. वरचं काळं प्लास्टिकचं टोपण आपोआप सुटून येतं. ते टाकू नका, बोर्ड वॉरंटीत परत पाठवताना मागतात.

मग मागच्या खाचेतला एम.२ ड्राइव्ह. विसरलात तर शेवटी सगळं उलगडून पुन्हा इथे यावं लागेल. बहुतेक ड्राइव्ह २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब असतात, म्हणून त्यांना २२८० म्हणतात. तिरका सरकवायचा, टोक वर उचललेलं राहतं, ते बोटाने खाली दाबून स्क्रू लावायचा. पुढच्या खाचेतल्या ड्राइव्हवर उष्णता शोषणारी पट्टी असेल तर तिच्या खालची पारदर्शक फिल्म काढा. अशीच फिल्म कूलरच्या तळालाही असते. ती न काढता कूलर बसवून ‘प्रोसेसर तापतोय’ म्हणून हैराण झालेले लोक मी स्वतः पाहिलेत, आणि त्यातला एक आरशात.

रॅमच्या पट्ट्या दोन्ही टोकांना टक असा आवाज येईपर्यंत दाबा.

थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लागणाऱ्या लेपाचा, वाटाण्यापेक्षा थोडा लहान ठिपका प्रोसेसरच्या मधोमध पुरतो. कूलरचे स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे दोन थोडे, मग दुसरे दोन थोडे, असं करत या, म्हणजे तळ सपाट बसतो. बसवण्याआधी बोर्डच्या वरच्या कडेला असलेली प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची जोडणी कुठे आहे ते पाहा. चपटा कूलर तिच्यावर आला तर नंतर बोट जात नाही. मी ती केबल कूलर लावतानाच जोडून ठेवतो आणि कॅबिनेटमध्ये बोर्ड केबलसकट उतरवतो.

आता कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, याच खोक्यावर, कॉम्प्युटर एकदा चालू करून पाहा. पाऊण तास जातो, पण पुढचे चार तास वाचू शकतात. सप्लायच्या २४ आणि ८ पिनांच्या केबल जोडा, कूलरच्या पंख्याची वायर लावा, मॉनिटरची केबल बोर्डच्या पोर्टला लावा. चालू करायला बटण नसतं, म्हणून पुस्तिकेत पॉवर स्विचच्या दोन पिना कोणत्या ते शोधा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्हींना क्षणभर एकदम स्पर्श करा. पंखा फिरायला लागेल.

आणि मग थांबा. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची चाचपणी करत बसतो आणि पडदा कित्येक मिनिटं काळाच राहू शकतो. मला हे ठाऊक नव्हतं. मी तीनदा वीज बंद केली, तीनदा चाचपणी पहिल्यापासून सुरू झाली आणि मी बोर्ड खराब आला अशी तक्रारही लिहायला घेतली होती. चौथ्या वेळी फोन आला म्हणून उठून गेलो, परत आलो तर पडद्यावर बायॉस, म्हणजे बोर्डची स्वतःची सेटिंगची स्क्रीन, हजर.

बायॉसमध्ये दोन्ही पट्ट्यांची रॅम, दोन्ही ड्राइव्ह आणि प्रोसेसरचं नाव दिसलं की वीज बंद करा. सगळं चालतंय हे आता माहीत आहे. पुढे काही बिघडलं तर ते बसवण्यातच बिघडलं, एवढं नक्की.

कॅबिनेटच्या आत

कॅबिनेटचे निघतील तेवढे पत्रे काढून टाका. नुसता सांगाडा उरला पाहिजे.

मागच्या पोर्टांभोवतीची धातूची पट्टी बोर्डला आधीच जोडलेली नसेल तर ती सगळ्यात आधी आतून दाबून बसवा. कडा धारदार असतात, जपून. मग पॉवर सप्लाय आत घेऊन केबल कुठून न्यायच्या ते नुसतं मांडून पाहा. काही सँडविच कॅबिनेटमध्ये सप्लाय नंतर गेला तर २४ पिनांचा प्लग लावता येत नाही, काहींत बरोबर उलट. त्या कॅबिनेटच्या पुस्तिकेत दिलेला क्रम इथे माझ्या सांगण्याहून मोठा.

बोर्डचे चार स्क्रू लागतात. आधी चारही सैल लावा, पोर्ट पट्टीच्या भोकांशी जुळलेत ना ते पाहा, मग आवळा.

पुढच्या बटणाच्या बारीक वायरी हा सगळ्यांच्या नाराजीचा विषय. बटणाच्या वायरी उलटसुलट कशाही लागल्या तरी चालतं. दिव्यांच्या वायरींना मात्र धन आणि ऋण असतं, उलट लागल्या तर दिवा लागत नाही, बाकी काही होत नाही. जास्त काळजी घ्यायची ती यूएसबी ३ च्या जाड प्लगची. त्याच्या १९ पिना बोर्डवर उघड्या असतात आणि प्लग तिरका घुसवला की वाकतात. केबलही ताठ असते. कॅबिनेटमध्ये बोर्ड उतरवण्याआधी हा प्लग कुठे येतो ते पाहून ठेवा आणि जमलं तर तेव्हाच लावून टाका. वायफायचे अँटेना न लावता वायफाय रडतंखडतं चालतं, म्हणून लोकांना ते लावायचे असतात हे कळतच नाही.

ग्राफिक्स कार्ड शेवटी. थेट स्लॉटमध्ये जात असेल तर टक होईपर्यंत दाबा आणि मागचा स्क्रू लावा. रायझर असेल तर त्याची घडी आहे तिथेच वळू द्या, नवीन ठिकाणी दुमडू नका. इथे एक जुना घोळ आहे: रायझर पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा आणि कार्ड ४.० चं असेल तर दोघांचं वेगावर जमत नाही आणि पडदा काळा राहतो किंवा अधूनमधून लुकलुकतो. उपाय सोपा: मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लावा, बायॉसमध्ये स्लॉटचा वेग ‘जनरेशन ३’ असा ठरवून टाका, मग मॉनिटर कार्डला लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असावं म्हणत होतो, ते असल्या प्रसंगासाठीच.

केबल बांधताना सौंदर्य नंतर बघू. आधी एकच तपासायचं: कोणतीही केबल पंख्याच्या पात्याला लागत नाही ना. प्रत्येक पंखा बोटाने एक फेरी फिरवून पाहा. झाकण लावल्यावरही कान देऊन ऐका, कारण झाकणच केबलला पंख्यावर ढकलतं.

पहिली दोन-तीन तासांची कामं

मॉनिटरची केबल आता कार्डला हवी, बोर्डला नको.

बायॉसमध्ये गेल्यावर रॅमचा वेग पाहा. पट्टीवर छापलेला वेग आपोआप लागू होत नाही. इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी आणि एएमडीच्या एएम५ बोर्डवर एक्स्पो नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. त्यानंतर पुन्हा चाचपणी होईल, पुन्हा थांबा. विंडोज ११ टाकणार असाल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग चालू आहेत ना तेही इथेच पाहा. इन्स्टॉल करायला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. नव्या बोर्डचं वायफाय विंडोजला इन्स्टॉल होताना कधीकधी ओळखू येत नाही आणि ते तर इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही. म्हणून बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर आधीच त्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, किंवा त्या वेळेपुरती लॅनची वायर लावा.

लहान कॉम्प्युटरमध्ये खरी कमाई होते ती पुढच्या दोन सेटिंगमध्ये. पहिलं, प्रोसेसरला किती वीज घेऊ द्यायची. एएमडीच्या बोर्डवर त्याला इको मोड म्हणतात, इंटेलच्या बोर्डवर पीएल१ आणि पीएल२ नावाच्या मर्यादा असतात. मर्यादा थोडी खाली आणली की कामाच्या वेगात क्वचितच जाणवेल एवढा फरक पडतो, पण उष्णता आणि आवाज दोन्ही झपाट्याने उतरतात. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज खातो, म्हणून हे होतं. दुसरं, पंख्याचा आलेख. मुळातल्या सेटिंगवर प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा घोंघावतो, निवला की गप्प होतो. ही ये-जा एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देते. ६५ अंशांपर्यंत पंखा एका हळू वेगावर धरा, त्यापुढे हळूहळू चढवा आणि बदलाआधी काही सेकंद थांबण्याचं सेटिंग असेल तर ते वाढवा.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले ताकदवान प्रोसेसर पूर्ण जोरावर ९५ अंशांपर्यंत जातात. ते तसेच बनवलेले आहेत, घाबरून पेस्ट पुन्हा लावत बसू नका. पण नुसतं ब्राउझर उघडल्यावर ८० दिसत असेल तर कूलरची फिल्म आठवा.

चालूच होत नसेल तर

पंखेही फिरत नसतील: सप्लायच्या मागचा स्विच, मग बटणाच्या वायरी. पंखे फिरतात, पडदा काळा: आठ पिनांची प्रोसेसरची केबल लागली आहे का आणि पूर्ण बसली आहे का? नव्याने जोडणाऱ्यांची ही सगळ्यात सर्रास चूक. त्यानंतर बोर्डवरचे चार छोटे दिवे पाहा. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि ड्राइव्ह यांच्यापैकी जिथे अडलंय तिथला दिवा लागून राहतो. रॅमचा दिवा असेल तर पुरेसं थांबून झाल्यावर एकच पट्टी ठेवून पाहा, मग दुसरी. ग्राफिक्सचा असेल तर कार्ड काढून बोर्डच्या पोर्टवर चालतं का पाहा.

बायॉसमध्ये काही भलतंच करून बसलात तर वीज काढून सीमॉस, म्हणजे बायॉसची साठवलेली सेटिंग, पुसा. पुस्तिकेत त्यासाठी दोन पिना दाखवलेल्या असतात. नाहीतर सीआर२०३२ ची बटणासारखी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवायची. मिनी-आयटीएक्स बोर्डवर ती बऱ्याचदा नेहमीच्या खोबणीत नसते, काळ्या वेष्टनात गुंडाळून दोन बारीक वायरींनी कुठेतरी पोर्टांच्या बाजूला चिकटवलेली असते. मी ती पहिल्यांदा शोधली तेव्हा टॉर्च लागला होता.

दर दोन-तीन महिन्यांनी जाळ्यांवरची धूळ झटका, कारण इतक्या छोट्या पेटीत एक बुजलेली जाळी म्हणजे निम्मी हवा बंद. कॅबिनेटचे पाय काढून ते सपाट ठेवू नका, खालून हवा ओढणारी कॅबिनेट बरीच आहेत. उरलेल्या मॉड्युलर केबल एका पिशवीत भरा आणि पिशवीवर सप्लायचं पूर्ण नाव आणि मॉडेल लिहा. दोन वर्षांनी दुसरा सप्लाय घराच्या त्याच कपाटात येईल आणि केबल पाहून कोणती कोणाची ते सांगता येणार नाही.